चित्र पुढे, आवाज मागे : रात्रभराच्या ध्वनिमुद्रणात सुटत जाणारा सिंक

कुडाळ तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेत मार्गशीर्षातल्या एका रात्री आम्ही दशावताराचा संपूर्ण प्रयोग चित्रित केला. दोन कॅमेरे, पखवाजाच्या जवळ तिपाईवर बसवलेला एक मोबाइल आणि माइकवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेणारा एक रेकॉर्डर, एवढाच आमचा सरंजाम होता. घरी आल्यावर सगळ्या फाइली संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर, म्हणजे काळाच्या पट्टीवर, टाकल्या, सुरुवातीचा नारळ फोडल्याचा आवाज सगळीकडे एकाखाली एक जुळवला आणि काम झाले असे समजून कच्चे संकलन सुरू केले. चार दिवसांनी पखवाजवादक सहज घरी आले होते, त्यांना काही भाग दाखवला. गणपतीच्या प्रवेशापर्यंत ते मान डोलावत पाहत होते, पण दीड तासानंतरचा युद्धाचा प्रसंग लावला तेव्हा त्यांचा हात मांडीवरच थांबला आणि ते म्हणाले, “माझो हात पडता तेव्हा वाजणा नाय, मागसून वाजता.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मोजून पाहिले तेव्हा थाप पडल्यानंतर चार फ्रेम्सनी, म्हणजे सुमारे १६० मिलिसेकंदांनी, आवाज येत होता. डबलबारीची भजने, नमन-खेळे, लग्ने, कीर्तने, असे तासन्‌तास चालणारे काहीही कॅमेरा आणि रेकॉर्डर वेगळे ठेवून घेतले की हा दोष हमखास भेटतो, आणि दरवेळी त्यावर एकच घरगुती उपाय सांगितला जातो : दर दहा मिनिटांनी आवाज कापा आणि हाताने सरकवा. मीही कित्येक वर्षे तेच केले. तो उपाय चालतो, पण प्रत्येक कापाच्या जागी पेटीचा लांबलेला सूर तुटतो, आणि मुख्य म्हणजे दोष कशाने आला हे कधीच कळत नाही. सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज यांची जुळणी, सुटण्याची कारणे पाच-सहा आहेत, प्रत्येकाची खूण वेगळी आहे आणि इलाजही वेगळा आहे. त्यामुळे आवाजाला हात लावण्यापूर्वी तो कसा सुटतो आहे हे मोजणे, हेच या कामातले खरे काम आहे.

आधी दोष फाइलीत आहे की ऐकण्यात

पहिली तपासणी क्षुल्लक वाटेल, पण ती टाळू नये. ब्लूटूथ हेडफोन लावून संकलन करणाऱ्याला प्रत्येकच गोष्ट उशिरा ऐकू येते, कारण आवाज बिनतारी पाठवताना तो आधी दाबून बांधावा लागतो आणि मग उलगडावा लागतो, व त्यात नेहमीच्या साध्या हेडफोनमध्ये एक ते दोन दशांश सेकंद सहज जातात. काही सॉफ्टवेअर हा उशीर ओळखून चित्रही तेवढेच थांबवतात, काही थांबवत नाहीत. मोठ्या टीव्हीला जोडून पाहताना उलटे घडते : टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि वेगळ्या स्पीकरमधून येणारा आवाज आधी पोहोचतो. म्हणून तारेचा हेडफोन लावून, संगणकाच्याच पडद्यावर एकदा पाहावे. तिथे दोष दिसला नाही तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

किती फरक खटकतो याचेही भान असावे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद उशिरा आला की तो प्रेक्षकाला जाणवू लागतो. उशिराला जास्त माफी आहे, कारण लांबच्या माणसाने लाकूड तोडले तर घाव आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, हे आपल्या डोळ्या-कानांना जन्मापासून ठाऊक असते. आवाज आधी येणे मात्र निसर्गात कुठेच घडत नाही. शिवाय ही मापे बोलणाऱ्या चेहऱ्यासाठी ठीक आहेत. झांज, पखवाज, तलवारीवर तलवार अशा ठिकाणी, आणि त्यातही वादकाच्या नजरेला, याच्या निम्मा फरकही बोचतो. आपल्याकडे २५ फ्रेम्सच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, हे प्रमाण पुढे सगळीकडे लागेल.

तीन ठिकाणी नव्हे, पाच ठिकाणी मोजा

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आलेला आवाज कितीही वाईट असला तरी तो पुसून टाकू नये, कारण तो चित्राला बांधलेला असतो आणि मोजपट्टी म्हणून त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. कॅमेऱ्याचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवावेत, सुरुवातीच्या एखाद्या टोकदार आवाजावर जुळवावेत, आणि मग पुढे अंदाजे दर अर्ध्या तासाने तसाच एखादा टोकदार आवाज शोधून दोन वेव्हफॉर्ममधले (आवाजाच्या चढउतारांच्या आलेखांमधले) अंतर मिलिसेकंदांत लिहून ठेवावे. चित्राकडे पाहून मोजले तर एका फ्रेमच्या आत नेम धरता येत नाही. दोन आवाज एकमेकांशी ताडून पाहिले तर मिलिसेकंदापर्यंत जाता येते, आणि माइकचे अंतर प्रयोगभर तेच राहिल्यामुळे त्याचा या मोजणीत अडथळा होत नाही.

टोकदार आवाज निवडताना झांज टाळावी, कारण तिची झंकार आधीच्या झंकारीत मिसळलेली असते आणि सुरुवात नेमकी कुठे ते सापडत नाही. पखवाजाची बंद थाप, जोरात आपटलेले पाऊल किंवा टाळीचा एकच आवाज चांगला. नारळासारखा आवाज तर क्लॅपपेक्षाही, म्हणजे शूटिंगच्या पाटीच्या आवाजापेक्षाही, सरस असतो.

लिहून काढलेले आकडे कागदावर बिंदू मांडून जोडले की दोषाचा चेहरा समोर येतो. सगळीकडे फरक सारखाच असेल तर रेघ आडवी येते. फरक सारख्या गतीने वाढत असेल तर रेघ सरळ पण तिरकी येते. रेघ वेडीवाकडी आली तर तो तिसरा प्रकार, आणि मध्येच पायरी पडली तर चौथा. माझ्या रेघेत काय होते ते खाली येईलच, पण दोनच टोके मोजून मी समाधानी झालो असतो तर पूर्ण फसलो असतो.

आडवी रेघ : अंतराचा हिशेब

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर क्लिप सरकवून काम भागते, त्यावर फार बोलण्यासारखे नाही. पण यात एक खोच आहे, जी स्वयंचलित जुळवणी वापरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म पाहून रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवते, आणि कॅमेऱ्याचा आवाज मुळात उशिरा आलेला असतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटरला जवळपास एक फ्रेम लागते. माझा दुसरा कॅमेरा दीपमाळेपाशी, रंगमंचापासून पावलांनी मोजून २८ मीटरवर होता. मिक्सरमधून घेतलेला आवाज कलाकाराच्या ओठांपाशीचा, आणि कॅमेऱ्याने ऐकलेला आवाज २८ मीटर चालत आलेला, त्यामुळे स्वयंचलित जुळवणीने माझा स्वच्छ आवाज नेमका दोन फ्रेम्स मागे नेऊन ठेवला. तो दोन फ्रेम्स पुढे, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे, ओढावा लागला.

ध्वनिक्षेपक लावलेला असेल तर हे अंतर कलाकारापासून नव्हे, तर कॅमेऱ्याला ज्याचा आवाज सगळ्यात मोठा ऐकू येतो त्या स्पीकरपासून मोजावे, कारण तारेतून आवाज जाण्यास वेळच लागत नाही. आमच्याकडे दोन्ही खोके रंगमंचाच्या कडेला होते म्हणून हिशेब सोपा झाला. एखादा कर्णा झाडावर, कॅमेऱ्याच्या डोक्यावर टांगलेला असता तर दुरुस्तीची गरजच पडली नसती.

तिरकी रेघ : दोन घड्याळे

हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. इथे फरक किती वाढतो यावरूनच कारण ओळखता येते, म्हणून आधी तासाभरात किती सुटला ते काढावे.

तासाला पाच मिनिटांच्या आसपास फरक असेल तर सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या दराचा, घोळ आहे. चित्रपट आणि व्हिडिओसाठी ४८,००० हर्ट्‌झ वापरतात, संगीताच्या सीडीची सवय ४४,१०० हर्ट्‌झची आहे, आणि एका दराने घेतलेली फाइल दुसऱ्या दराने वाजवली गेली की लांबी साधारण ९ टक्क्यांनी बदलते. पण हे कळायला मोजावेही लागत नाही, कान सांगतात : सुरात जवळपास दीड स्वराचा फरक पडतो. काळी एकमध्ये लावलेली पेटी पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी वाजू लागली तर दुसरे कारण शोधण्यात वेळ घालवू नये. फाइलीचा मूळ दर पाहून ती योग्य दराने रूपांतरित करावी.

तासाला नेमका ३.६ सेकंद फरक असेल तर तो एक हजारांश भाग आहे, आणि तो फ्रेम रेटमधून येतो. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीची पद्धत ठरवताना ३० फ्रेम्सचा दर किंचित कमी करून २९.९७ केला गेला, आणि त्याची सावली आजही कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आणि टीव्हीची परंपरा २५ फ्रेम्सची, त्यामुळे कॅमेरा ‘पाल’ या २५ फ्रेम्सच्या पद्धतीवर ठेवला तर हा प्रश्न येत नाही आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतही नाही. बाहेरून आणलेला किंवा सेटिंग मूळपदावर गेलेला कॅमेरा ‘एनटीएससी’ या अमेरिकी पद्धतीवर राहिला आणि टाइमलाइनवर त्याला कोणी ३० समजले, की तासाला साडेतीन सेकंदांची घसरण ठरलेली. यावर ड्रॉप-फ्रेम टाइमकोडकडे (फ्रेम्सना वेळेचे क्रमांक देण्याच्या एका पद्धतीकडे) बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण ते चूक आहे : ड्रॉप-फ्रेममध्ये फ्रेम्सचे क्रमांक वगळले जातात, फ्रेम्स नव्हेत. त्याने मोजणी बदलते, आवाज हलत नाही.

तासाला काही मिलिसेकंद ते दोनशेच्या आतबाहेर फरक असेल तर कोणाचीच चूक नसते. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांच्याही आत क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो, तो थरथरतो त्यावर सॅम्पल मोजले जातात, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ३० चा फरक असला तर तासाला १०८ मिलिसेकंद, म्हणजे पावणेतीन फ्रेम्स. तीन मिनिटांच्या गाण्यात तो कोणाला कळणार नाही, रात्रभराच्या प्रयोगात मात्र पखवाजवाल्यांच्या हातून सुटणार नाही. महागड्या उपकरणांत तापमानाप्रमाणे स्वतःला सावरणारा स्फटिक असतो आणि त्यात हा फरक दहा लाखांत एकाच्या आसपास राहतो. साधे उपकरण दवात उघड्यावर राहिले तर पहाटेच्या गारव्याने त्याची चाल थोडी बदलते आणि सरळ रेघेला शेवटी हलकासा वाक येतो.

फिल्मच्या काळी हा त्रास या स्वरूपात नव्हता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रत्येक फ्रेमला चार छिद्रे असत, आवाजही तशीच छिद्रे पाडलेल्या चुंबकीय फिल्मवर उतरवून घेत, आणि दोन्ही पट्ट्या संकलनाच्या टेबलावर एकाच दांड्यावरच्या दात्यांवरून चालत. एक पट्टी पुढे गेली तर दुसरीला जावेच लागे. आज दोन फाइलींना बांधणारे असे दाते नाहीत, प्रत्येक फाइल आपापल्या घड्याळाने चालते.

वेडीवाकडी रेघ : मोबाइल

मोबाइलचा कॅमेरा फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही. उजेड कमी झाला की तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेता यावा म्हणून फ्रेम्सची संख्या कमी करतो, फोन तापला तरी गडबडतो, आणि फाइलीत प्रत्येक फ्रेमची वेळ स्वतंत्र लिहून ठेवतो. मोबाइलवर पाहताना सगळे नीट दिसते, कारण तो त्या वेळा वाचतो. संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र फ्रेम्स समान अंतरावर आहेत असे धरून चालते, आणि तिथे चित्र आवाजाच्या पुढे-मागे भटकू लागते. रंगमंचावर हॅलोजन लागला की सुटण्याची गती एक, तो मालवून संकासुराच्या प्रवेशाला एकच दिवा राहिला की दुसरी, अशी रेघ येते.

याचे निदान अर्ध्या मिनिटाचे आहे. ‘मीडियाइन्फो’ हे विनामूल्य साधन घ्यावे, त्यात फाइल उघडावी आणि फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ लिहिले आहे का पाहावे. तसे असेल तर ती फाइल टाइमलाइनवर घेण्यापूर्वीच ‘शटर एन्कोडर’ किंवा ‘एफएफएमपेग’ने ठरावीक २५ किंवा ३० फ्रेम्सच्या प्रोरेस अथवा डीएनएक्सएचआर या संकलनासाठीच्या प्रकारांतल्या फाइलीत रूपांतरित करावी. ‘हँडब्रेक’नेही ‘कॉन्स्टंट’ पर्याय निवडून हे होते, मात्र तो चित्र पुन्हा दाबतो. काही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या अशा फाइली स्वतःच सांभाळून घेतात असे सांगतात आणि छोट्या क्लिपमध्ये ते खरेही ठरते, पण दीड-दोन तासांच्या क्लिपबाबत मी त्यांच्यावर विसंबत नाही. संकलन अर्धे झाल्यावर फाइल बदलण्याची वेळ आली तर सगळे काप हलतात, म्हणून हे काम पहिल्या दिवशी करावे.

याच जातीचा एक धाकटा दोष आवाजातही असतो. रेकॉर्डर एमपीथ्रीवर ठेवला असेल, विशेषतः बदलत्या बिटरेटवर, तर लांब फाइलीत सॉफ्टवेअरचा जागेचा अंदाज चुकतो. ती आधी वेव्ह फाइलीत उतरवून घ्यावी.

पायरी : फाइलींचे सांधे

४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट, दोन चॅनल असे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे एक जीबी जागा खाते. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की फाइल बंद करून नवी उघडतात, म्हणजे साधारण २ तास ४ मिनिटांनी. चांगला रेकॉर्डर यात एकही सॅम्पल गमावत नाही. साधा रेकॉर्डर जुनी फाइल बंद करण्याच्या धांदलीत अर्धा-पाव सेकंद विसरतो. टाइमलाइनवर दोन्ही फाइली शेजारी-शेजारी लावल्या की जेवढे विसरले तेवढा पुढचा सगळा आवाज आधी येतो.

कॅमेऱ्याचेही तसेच. अनेक कॅमेरे ४ जीबीला फाइल तोडतात, कारण कार्डाच्या जुन्या एफएटी-३२ मांडणीत त्याहून मोठी फाइल मावत नाही. एव्हीसीएचडीसारख्या प्रकारात हे तुकडे एकमेकांना जोडणारी माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये असते. घाईत फक्त व्हिडिओच्या फाइली ओढून घेतल्या तर सांध्यावर काही फ्रेम्सचा आवाज हरवतो, आणि कार्ड पुसल्यावर ते लक्षात येते. म्हणून कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवावे, नको वाटणारेही.

लाईट जाणे हा आमच्याकडचा वेगळा अध्याय. अडॅप्टरवर चालणारा रेकॉर्डर जनरेटर सुरू होईपर्यंत बंद पडतो, आणि मग तो सांधा नसून नवी सुरुवात असते. ती स्वतंत्रपणे जुळवावी.

माझी रेघ, आणि ती कशी सरळ केली

माझ्या आकड्यांत तिरकी रेघ आणि पायरी दोन्ही एकत्र होत्या. पहिले दोन तास आवाज सारख्या गतीने मागे पडत गेला. २ तास ४ मिनिटांना तो २२० मिलिसेकंदांहून थोडा अधिक उशिरा येत होता आणि पुढच्याच मोजणीत तो चक्क ९०-९५ मिलिसेकंद आधी येऊ लागला. फाइल तिथे तुटली होती आणि रेकॉर्डर सुमारे ३२० मिलिसेकंद विसरला होता. त्यानंतर तो पुन्हा हळूहळू मागे पडू लागला, आणि गंमत अशी की तीन तासांच्या सुमारास काही मिनिटे सिंक अगदी परिपूर्ण होता. मी जर सुरुवात आणि ती जागा एवढेच तपासले असते तर फाइली निर्दोष आहेत असा निकाल दिला असता.

दुरुस्ती पायरीपासून सुरू केली, म्हणजे दुसरी फाइल तिच्या स्वतःच्या पहिल्या टोकदार थापेवर वेगळी जुळवली. मधल्या फटीत कॅमेऱ्याचा आवाज भरला. नशिबाने तिथे प्रेक्षकांचा गलका होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

मग घड्याळाचा फरक. पहिल्या फाइलीत सुरुवातीचा नारळ आणि शेवटाकडची एक थाप यांतले अंतर कॅमेऱ्याच्या आवाजावर ७,१०० सेकंद होते, तर रेकॉर्डरच्या आवाजावर ७,१००.२१३ सेकंद. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.९९९९७ येते, म्हणजे रेकॉर्डरची फाइल मूळ लांबीच्या ९९.९९७ टक्के करायची. इथे बहुतेक जण अडकतात, कारण संकलनाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलण्याच्या चौकटीत दोनच दशांश स्थळे चालतात, आपण ९९.९९७ लिहिले की ते मुकाट्याने १०० करते आणि काहीच बदलत नाही. म्हणून हे काम आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. मी ‘रीपर’ वापरतो. त्यात फाइलीचा प्लेबॅक रेट पुष्कळ दशांशांपर्यंत लिहिता येतो, किंवा ऑल्ट दाबून क्लिपची कड ओढली की ती ताणता-आवळता येते. लांबी ९९.९९७ टक्के हवी असेल तर वेग १.००००३ लिहायचा, उलटा आकडा लिहिला तर फरक दुप्पट होतो. ही चूक मी केली आहे, म्हणून सांगतो.

रीपरमध्ये सूर तोच राखण्याचा जो पर्याय आपोआप चालू असतो, तो या कामासाठी बंद करावा. ऐकायला उलटे वाटते, पण सूर राखण्यासाठी सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडते, आणि झांजेच्या किंवा पखवाजाच्या थापेची धार त्यात बोथट होते. पर्याय बंद ठेवला तर फाइल नुसती किंचित वेगाने वाजते. दहा लाखांत ३० ने सुरात जो फरक पडतो तो एका स्वराच्या शंभराव्या भागाचाही विसावा हिस्सा आहे. मंडळातल्या पेटीवाल्यांनाही तो ऐकू येणार नाही. एक हजारांशाच्या दुरुस्तीलाही हेच लागू आहे.

लांबी सुधारल्यावर शेवटी दोन फ्रेम्सचे अंतराचे काम, तेही फक्त दीपमाळेपाशीच्या कॅमेऱ्यासाठी. हा क्रम पाळावा, कारण तिरकी रेघ असताना आधी क्लिप सरकवली तर दुरुस्तीचा आधारबिंदूच हलतो. सगळे झाल्यावर पुन्हा पाच ठिकाणी मोजले तेव्हा कुठेही १० मिलिसेकंदांहून जास्त फरक उरला नव्हता. दुसऱ्या फाइलीच्या अगदी शेवटी, पहाटेच्या भागात, ७-८ मिलिसेकंदांचा वाक राहिला. तो तसाच सोडला.

पुढच्या जत्रेला

शूटिंगच्या वेळी क्लॅप सुरुवातीला देतात आणि शेवटी विसरतात, पण तिरकी रेघ पकडायला दोन टोके लागतात. सिनेमाच्या सेटवर शेवटची पाटी उलटी धरून वाजवण्याचा रिवाज त्याचसाठी उपयोगी पडतो. देवळात रंगमंचावर चढून पाटी वाजवण्याची हिंमत कोणी करू नये, आणि गरजही नाही. गाऱ्हाणे झाल्यावर फुटणारा नारळ ही सुरुवातीची पाटी आणि पहाटे दहीकाल्याची फुटणारी हंडी ही शेवटची, फक्त त्या दोन्ही क्षणांना प्रत्येक कॅमेरा चालू हवा आणि निदान एकात तरी हात स्पष्ट दिसायला हवा. मध्ये दर तासाला, सोंगे बदलत असताना, मी कॅमेऱ्याजवळ उभा राहून रेकॉर्डरच्या माइकला ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवून घेतो. माइकवाले आता त्याला सरावले आहेत.

जुने काही कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. युरोपात त्याहून जास्त वेळ चालणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा जकात कर लागत असे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. असा कॅमेरा असेल तर तो दोन प्रवेशांच्या मध्ये स्वतःच बंद करून चालू करावा, ऐन लढाईत बंद पडण्याची वाट पाहू नये. रेकॉर्डरही तसाच, दोन तास भरण्याआधी शांत जागा पाहून हाताने नवी फाइल सुरू केली तर सांधा आपल्या सोयीच्या ठिकाणी पडतो.

सगळ्या उपकरणांना एकच वेळ पुरवणाऱ्या टाइमकोडच्या डब्या घ्याव्यात का, असे नेहमी विचारतात. त्या उत्तम आहेत, दहा क्लिप असोत की शंभर, सगळ्यांची सुरुवात क्षणात जुळते. पण डबी क्लिपला वेळेचा शिक्का देते, रेकॉर्डरच्या आतल्या स्फटिकाची चाल बदलत नाही, त्यामुळे लांब क्लिपच्या शेवटी सुटायचे ते सुटतेच. दोन्ही उपकरणांना एकच घड्याळ पुरवायचे तर जेनलॉक किंवा वर्डक्लॉकची जोडणी लागते आणि ती आपल्या खिशातल्या रेकॉर्डरला नसते. माझ्या मते जत्रेच्या कामाला डबीपेक्षा चांगला रेकॉर्डर घेण्यात पैसे घालावेत.

पखवाजाजवळच्या मोबाइलचे चाळीस मिनिटांचे चित्रीकरण मात्र रूपांतर करूनही सरळ झाले नाही. उजेड कमी असताना त्याने इतक्या फ्रेम्स गाळल्या होत्या की हाताची हालचालच तुटक दिसते. त्यातले बोटांचे, शाईचे आणि पीठ मळून पुडीला लावतानाचे क्षण तेवढे आवाजाविना वापरले आहेत.